सालीखालचा संसार

कन्नौद तालुक्यातून खिवनीच्या अभयारण्याकडे निघाले की साग आणि बांबू यांचे रान लागते. सागाच्या ओंडक्यावरील वर्तुळे मुले हौसेने मोजतात. वर्षाला बहुधा एक. परंतु त्या वर्तुळांच्या मध्यभागी असलेले जे गडद, टणक लाकूड आपल्या दारे-खिडक्यांना लागते, ते झाडाच्या हयातीतच मृत झालेले असते! झाडाला उभे धरणे, एवढेच त्याचे काम.

खरा संसार चालतो तो सालीलगत. बाहेरच्या फिकट लाकडातील नलिकांमधून मुळांनी शोषलेले पाणी वर चढते. सालीच्या आतल्या पदरातून पानांनी सिद्ध केलेले अन्न मुळांपर्यंत उतरते. या दोहोंच्या मध्ये एक अत्यंत पातळ, जिवंत थर असतो. तोच आत लाकूड आणि बाहेर साल घडवीत खोडाची जाडी वाढवितो. बांबूत हा थर नाही. म्हणून तो ज्या जाडीने जमिनीतून वर येतो, त्याच जाडीचा राहतो.

यास्तव पोकळ झालेली चिंच वर्षानुवर्षे पालवते. पण धडधाकट कडुनिंबाची साल सभोवार खोलवर सोलली, तर मुळे उपाशी पडतात आणि वृक्ष हळूहळू वाळतो. बुंध्याला आवळलेली कुंपणाची तार हेच करते, केवळ सावकाश. खोड वाढते, तार वाढत नाही.

वाचकहो, अंगणातील रोपाला आधारासाठी बांधलेली दोरी आज एकवार सैल करून पाहाल का?