विश्लेषण : १९९वी निवड ते महान गोलरक्षक… डॉमिनिक हाशेकला ओळखायला इतका उशीर का झाला?

आइस हॉकीतील सर्वकालीन महान गोलरक्षकांची यादी डॉमिनिक हाशेकच्या नावाशिवाय पूर्ण होत नाही. मात्र उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) त्याला नियमित खेळायला मिळाले ते वयाच्या २८व्या वर्षी. तेही संघातील पहिल्या पसंतीचा गोलरक्षक जायबंदी झाला म्हणून! एवढी गुणवत्ता इतकी वर्षे बाकावर कशी राहिली? आणि तो अपवाद होता का?

हाशेकची सुरुवात कशी झाली?

जन्म २९ जानेवारी १९६५, तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील पार्दुबित्से. किशोरवयातच तो गावच्या संघाच्या मुख्य चमूत दाखल झाला. १९८३ मध्ये एनएचएलच्या ‘ड्राफ्ट’मध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, शिकागो ब्लॅकहॉक्सने त्याला घेतले. क्रमांक होता १९९वा. खुद्द हाशेकला हे कळले काही महिन्यांनी! देशात साम्यवादी राजवट होती, त्यामुळे अमेरिकेत जाऊन खेळणे सोपे नव्हते. तो शिकागोत पोहोचला १९९० मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी. तोवर मायदेशात पार्दुबित्सेला त्याने दोन विजेतेपदे मिळवून दिली होती.

शिकागोत संधी का मिळाली नाही?

कारण गोलजाळ्यासमोर जागा एकच असते. क्रिकेटमधील यष्टिरक्षकासारखेच हे. फलंदाज सहा-सात खेळतात, यष्टिरक्षक एकच. त्यात यष्टिरक्षकाला निदान फलंदाज म्हणून तरी संघात घेता येते. आइस हॉकीत आघाडीचे खेळाडू दर मिनिटाला बदलतात, पण गोलरक्षक सहसा पूर्ण सामना उभा राहतो. राखीव गोलरक्षकाने कितीही सराव केला तरी त्याची परीक्षा होतच नाही.

शिकागोकडे त्या वेळी एड बेलफोर होता. १९९१ मध्ये सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक त्यानेच जिंकला. त्यामुळे शिकागोला सरसकट दोष देणे अन्यायाचे ठरेल. दोन मोसमांत हाशेकच्या वाट्याला एनएचएलचे जेमतेम २५ साखळी सामने आले. १९९२ मध्ये शिकागोने त्याला बफेलो सेबर्सकडे धाडले.

त्याची शैली आड आली का?

काही प्रमाणात, हो. १६० किलोमीटर वेगाने मारलेली पक, म्हणजे कडक रबराची चकती, निळ्या रेषेपासूनचे ६४ फूट अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापते. म्हणून गोलरक्षकाला घोटवून घेतात त्या ठरावीक हालचाली : कुठे उभे राहायचे, गुडघे कधी टेकायचे, कोन कसा बंद करायचा. हाशेक मात्र बर्फावर लोळायचा, पाठीवर पडून पाय वर करायचा, प्रसंगी हातातील काठी टाकून मोकळ्या हाताने पक पकडायचा. पुस्तकी नजरेला हा सारा गोंधळ वाटे. पण पक जाळ्यात जात नव्हती!

मग चित्र कसे पालटले?

१९९३-९४ च्या मोसमात बफेलोचा ग्रँट फ्यूर जायबंदी झाला आणि हाशेक उभा राहिला. त्या मोसमात त्याने सामन्यामागे सरासरी दोनपेक्षाही कमी, १.९५ गोल दिले. २७ एप्रिल १९९४ रोजी न्यू जर्सीविरुद्ध चार जादा डावांपर्यंत लांबलेल्या सामन्यात त्याने ७० फटके अडवले. बफेलोने तो सामना १-० असा जिंकला.

पुढे सहा वेळा व्हेझिना करंडक, १९९७ आणि १९९८ मध्ये लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू म्हणून हार्ट करंडक. हा मान दोनदा मिळवणारा तो एकमेव गोलरक्षक. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत कॅनडाचे शूटआउटमधील पाचही प्रयत्न त्याने हाणून पाडले. अंतिम फेरीत रशियाला १-० असे नमवून चेक प्रजासत्ताकाने सुवर्णपदक पटकावले.

.९२२ या आकड्याचा अर्थ काय?

हाशेकने एनएचएल कारकीर्दीत आलेल्या फटक्यांपैकी ९२.२ टक्के अडवले. समजा दुसरा गोलरक्षक ९० टक्के अडवतो. फरक किरकोळ वाटतो. पण सामन्यात ३० फटके धरले तर ६० सामन्यांत होतात १,८००. त्यात एकाला १८० गोल बसतील, दुसऱ्याला सुमारे १४०. हे ४० गोल बाद फेरी गाठणे आणि घरी बसणे यांतला फरक ठरू शकतात. गोम अशी, की हा फरक शेकडो फटक्यांनंतरच दिसतो. चार-पाच सामन्यांत तो नशिबाखाली झाकला जातो.

हाशेक अपवाद होता का?

नाही. २००० च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गोलरक्षक रिक डिपिएट्रोची निवड झाली. दुखापतींनी त्याची कारकीर्द पोखरली. त्याच ड्राफ्टमध्ये २०५व्या क्रमांकावरील हेन्रिक लुंडक्विस्टने पुढे व्हेझिना जिंकला. २००४ मध्ये २५८वा निवडलेल्या पेक्का रिनेनेही तो जिंकला. टिम थॉमस २१७वा होता. बोस्टनचा नियमित गोलरक्षक होईपर्यंत त्याने तिशी ओलांडली होती. २०११ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, त्याने संघाला स्टॅनले चषक जिंकून दिला. दुसरीकडे, २००३ मध्ये पहिला निवडलेला मार्क-आंद्रे फ्लरी खरोखरच मोठा गोलरक्षक झाला. म्हणजे अंदाज कधी बरोबर येतो, कधी साफ चुकतो.

धडा कोणता?

हाशेकची गोष्ट बहुतेकदा ‘संयमाचे फळ’ म्हणून सांगितली जाते. ते अर्धसत्य आहे. संयम त्याच्याकडे होताच. पण दार उघडले ते दुसऱ्याच्या दुखापतीने. फ्यूर तंदुरुस्त राहिला असता तर? आपल्याला हाशेक, थॉमस ठाऊक आहेत, कारण ते अखेर दिसले. ज्यांच्यासमोरचा गोलरक्षक कधी जायबंदीच झाला नाही, त्यांची मोजदाद कुठल्याच आकडेवारीत नाही.

अठराव्या वर्षी गोलरक्षकाचा निकाल लावणारी पद्धत म्हणूनच तोकडी आहे. राखीव गोलरक्षकाला ठरवून पुरेसे सामने द्यावेत, आणि तो कसा दिसतो यापेक्षा किती अडवतो हे पाहावे. यासाठी संघांना दोन-चार पराभव सोसावे लागतील. पण बाकावर बसलेला गोलरक्षक कसा आहे, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.