बक्षिसाआधी तालीम हवी

तरुण कलावंतांना स्पर्धेतून बक्षिसे देण्याचा प्रघात आता सर्वमान्य झाला आहे. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांतून निवडलेली मुले-मुली २००३ पासून भरणाऱ्या ‘इंद्रधनुष्य’ या राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सवात उतरतात. तेथे शास्त्रीय गायन, तालवाद्य, सुगम गायन, समूहगीत, लोकवाद्यवृंद अशा प्रकारांत पारितोषिके दिली जातात. गुणी मुलांचे कौतुक होऊ नये, असे कोणीच म्हणणार नाही. परंतु सार्वजनिक पैशातून होणारे हे कौतुक कोणाच्या दारापर्यंत पोहोचते, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी विचारलाच पाहिजे.

सावनेरचेच उदाहरण घ्यावे. कोळसा खाणींचा, संत्र्याचा आणि कापसाचा हा तालुका नागपूरपासून जेमतेम ३५ किलोमीटरवर आहे. येथील एखाद्या खाणकामगाराच्या मुलीला निसर्गाने गळा दिला, तरी स्पर्धेतील त्या मोजक्या मिनिटांमागे लागणारी आठ-दहा वर्षांची तालीम निसर्ग देत नाही. गुरूचे शुल्क, हार्मोनियम, तबल्याची साथ, शहरात जाण्यायेण्याचे एसटीचे भाडे हा सारा खर्च घरानेच उचलावयाचा असतो. मग स्पर्धेच्या दिवशी सर्वांना एकच नियम लावून जो निकाल लागतो, त्याला आपण ‘गुणवत्ता’ म्हणतो. परीक्षक निःपक्षपाती असले म्हणून स्पर्धा निःपक्षपाती होत नाही. शिवाय सर्वसाधारण विजेतेपदाचा करंडक समोर असला की संस्थांचाही कल तयार कलावंत निवडण्याकडे होतो. नवे घडविण्याचे कष्ट मागे पडतात.

याच सावनेरात २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी यांचे निधन झाले. त्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या ‘एकच प्याला’तील सिंधू साकारली बालगंधर्वांनी. हा कलावंत घडला कसा? शाहू महाराजांच्या पाठबळाने नारायण राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. मंडळीने अन्न दिले, भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू दिला आणि समोर प्रेक्षक दिला. नाटक मंडळ्यांत पोरवयातल्या मुलांचे शिक्षण सुटे, पिळवणूकही होई; ती व्यवस्था परत आणावयाची नाही. पण कलावंताला आधी पोसावे लागते, हे तिने ओळखले होते.

शासनालाही हे अगदीच अज्ञात नाही. १० ते १४ वयाच्या मुलांना कलाशिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारी केंद्राची योजना १९८२ पासूनची आहे. तिच्या तुलनेत २००६ साली सुरू झालेला ‘उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार’ चाळिशीपर्यंतच्या कलावंतांना मिळतो; म्हणजे वाट बरीचशी चालून झाल्यावर. दोन्ही हवेत, पण अग्रक्रम शिष्यवृत्तीला हवा.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक शाळेत पगारी संगीत शिक्षक नेमावा. वाद्ये शाळेच्या मालकीची असावीत. स्पर्धकाचा प्रवास आणि साथीदाराचे मानधन महोत्सवाच्या खर्चातून व्हावे. खडी गंमत, दंडार आणि खंजिरी भजन यांत मुरलेल्या गावकऱ्यांना गुरूचा दर्जा मिळावा. नगर परिषदेत आणि ग्रामपंचायतीत बसलेल्या कार्यकर्त्यांनी बक्षीस समारंभाचे निमंत्रण जरूर स्वीकारावे. मात्र त्याच व्यासपीठावरून, आपल्या गावातून स्पर्धेपर्यंत किती मुले पोहोचू शकली नाहीत, याचा हिशेब मागावा.