शुद्धीकरणवाल्यांनो, आधी तुर्की नीट वाचा

परदेशातल्या आपल्या रविवारच्या मराठी शाळांत ‘परकीय’ शब्दांच्या याद्या फिरतात. ‘फायदा’ नको, ‘लाभ’ म्हणा. ‘हवा’ नको, ‘दुकान’ नको. हरकत घेतली की हमखास उत्तर येतं: केमाल पाशांनी तुर्की भाषा स्वच्छ केलीच ना?

केली. कशी केली आणि त्यातून काय झालं, हे ऑक्सफर्डचे तुर्कीचे प्राध्यापक जेफ्री लुइस यांनी 1999 साली एका पुस्तकात मांडलं. ‘भयंकर यश’ अशा अर्थाचं त्याचं उपशीर्षक. लुइस काही तुर्कद्वेष्टे नव्हते. उभी हयात त्यांनी ती भाषा शिकवली, तिचं व्याकरण लिहिलं. म्हणूनच त्यांचं म्हणणं झोंबतं.

1928 मध्ये अरबी लिपी जाऊन रोमन आली, त्याबद्दल माझं भांडण नाही. तुर्कीच्या आठ स्वरांना अरबी लिपी अपुरीच पडत होती. भांडण आहे ते 1932 मध्ये भाषामंडळ निघाल्यावर झालेल्या शब्दांच्या हकालपट्टीशी. बोलींतून, जुन्या ग्रंथांतून शब्द वेचले, कमी पडले तिथे घडवले. शाळेसाठीचा ‘मेक्तेप’ गेला, ‘ओकुल’ आला. 1934 मध्ये स्वीडनच्या युवराजांपुढे अतातुर्कांनी नव्या शब्दांनी ठासून भरलेलं भाषण केलं. लुइस सांगतात, एवढा फर्डा वक्ता, पण नुकतंच वाचायला शिकलेल्या पोरासारखा वाचत होता! आणि 1927 मधलं त्यांचं सहा दिवस चाललेलं गाजलेलं भाषण? काही दशकांतच ते तुर्की तरुणांसाठी नव्या तुर्कीत ‘भाषांतरित’ करावं लागलं. राष्ट्रपित्याचे शब्द नातवंडांना कळेनात. (मोडी वाचता न येणाऱ्या आपण फार हसू नये.)

नवे शब्द घडवायला माझा विरोध नाही. सावरकरांचे ‘महापौर’, ‘दिनांक’ रुजले, छानच झालं. पण घरात पाहुणा आला म्हणून आजीला बाहेर काढायचं का? भोजनाचा आपण ‘लाभ’ घेतो. एखाद्याच्या भोळेपणाचा मात्र ‘फायदा’ घेतो. त्या दुसऱ्या ठिकाणी ‘लाभ’ घालून पाहा. लुइस नेमकं हेच दाखवतात: शब्द खोडला की अर्थाची एक छटाही जाते, आणि ती गेल्याचं पुढच्या पिढीला कळतही नाही.

बरं, ‘फायदा’, ‘हवा’ आणि ‘दुकान’ हे तिन्ही शब्द थोड्या वेगळ्या उच्चारांत तुर्कस्तानात आजही सर्रास चालतात. अख्खी राज्यसत्ता पाठीशी असताना अतातुर्कांना जे हाकलता आले नाहीत, ते तुम्ही दहा वर्षांच्या मुलीच्या वहीत लाल शाईने खोडताय.