पोरक्यांच्या हक्काला अर्जाची अट

कमावते माणूस गेले की घरावर दोन आघात होतात. पहिला दैवाचा, त्यास इलाज नाही. दुसरा कचेरीचा, तो मात्र सर्वस्वी मनुष्यनिर्मित आहे, आणि म्हणूनच त्याविषयी लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कारखान्यांत व कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांसाठी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आली. तिचा सभासद नोकरीत असताना मरण पावला तर त्याच्या विधवेस निवृत्तिवेतन मिळतेच. शिवाय पंचवीस वर्षांखालील दोन मुलांना प्रत्येकी त्या वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते. आईही हयात नसेल तर हेच प्रमाण ७५ टक्के होते. चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनही अशी समजूत आढळते की, दहा वर्षे नोकरी झाल्यावाचून या योजनेतून काहीच हाती लागत नाही. ही समजूत निखालस चुकीची आहे. दहा वर्षांची अट सभासदाच्या स्वतःच्या निवृत्तिवेतनासाठी आहे. नोकरीत मृत्यू आल्यास एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी कुटुंबाचा हक्क उभा राहतो. या एका गैरसमजापायी कित्येक घरांनी अर्जच केला नसेल!

आणि हा हक्क म्हणजे सरकारी दयाबुद्धी नव्हे. या निधीत मालकाच्या वर्गणीतून वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम दरमहा जाते. म्हणजे मृताने केलेल्या श्रमाचाच तो मोबदला. असे असता त्याच्या मुलाने याचकासारखे खिडकीपुढे का उभे राहावे? अर्जावर मालकाची सही हवी. कारखाना बंद पडला असेल तर राजपत्रित अधिकाऱ्याचे अथवा बँक व्यवस्थापकाचे साक्षांकन चालते, पण हे त्या मुलास सांगायचे कोणी? आईबाप दोघेही गेलेले असले की आजी किंवा मामा पुढे होतात. मग त्यांनी पालकत्वाचा हुकूम न्यायालयातून आणावा, असे त्यांस सांगण्यात येते. सर्व कागद पूर्ण असतील तर ठरलेल्या मुदतीत निकाल देऊ, असे कचेरी म्हणते. सारी मेख त्या ‘पूर्ण’ शब्दात आहे. शाळेत आपण मुलांना रजेचा अर्ज लिहावयास शिकवितो. बापाच्या मागे करावयाचा अर्ज कोणी शिकवीत नाही.

वस्तुतः मृत्यूची वार्ता सरकारला कळत नाही असे नाही. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार ती एकवीस दिवसांत द्यावी लागते, आणि २०२३ च्या दुरुस्तीने या नोंदींचा राष्ट्रीय संग्रह करण्याची तरतूद झाली आहे. कुटुंबीयांची नावे सभासदाने नामनिर्देशनपत्रात लिहून दिलेली असतात. म्हणजे मृत्यूही ठाऊक, वारसही ठाऊक. तरी कचेरी अर्जाची वाट पाहात बसते. पेन्शन थांबवावयाची असते तेव्हा मात्र हीच वार्ता पुरेशी होते, कोणाच्या अर्जाची गरज भासत नाही. नोंद होताच निधीच्या कचेरीने आपण होऊन घरच्या पत्त्यावर पत्र धाडावे, हक्काची रक्कम कळवावी आणि उणा कागद कोणता ते एकदाच सांगावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

रकमेबद्दल काय बोलावे? १ सप्टेंबर २०१४ पासून विधवेस दरमहा किमान १,००० रुपये, मुलास २५० आणि पोरक्या मुलास ७५० असा दर ठरविण्यात आला. त्या दिवशीही या पैशांत शहरातल्या मुलाचे शिक्षण झाले नसते. तथापि दर वाढविणे हा तिजोरीचा प्रश्न आहे, असे उत्तर आम्हांस मिळेल. ठीक आहे. पण बापाच्या पश्चात आई गेली असता, आधीच वेतन घेत असलेल्या मुलाचे २५ टक्के आपोआप ७५ टक्के करावेत, त्यासाठी त्याला पुन्हा रांगेत उभे करू नये, यात तिजोरीला अधिक काही द्यावे लागत नाही. हे काम तरी श्रममंत्रालयाने याच वर्षी हाती घ्यावे.