हातातल्या कामापासून

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "मग, पुढे काय करायचं ठरवलंय?" सतरा वर्षांच्या पोरांकडे आपण अख्ख्या आयुष्याचा आराखडा मागतो. साठीच्या काकू मात्र काही नवं करू म्हणाल्या, तर "आता या वयात?" म्हणून त्यांना गप्प करतो. दोन्ही वेळा मला महर्षी कर्वे आठवतात.

कर्वे, म्हणजेच अण्णा, यांचा जन्म १८५८चा. कोकणातल्या मुरूडहून घाट चढून ते पायी साताऱ्याला परीक्षेला गेले, आणि वयानं लहान दिसतोस म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. मॅट्रिक व्हायला तेविसावं वर्ष उजाडलं. १८९१मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी पत्नी गेली. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, एवढं त्यांनी ठरवलं आणि १८९३मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं. गावानं बहिष्कार घातला. एका लग्नानं बाकीच्या विधवांचं काय होणार, म्हणून १८९६मध्ये आश्रम काढला.

१९००मध्ये हा आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. दिवसभर शिकवून झालं की अण्णा आश्रमाला लागणारं सामान घेऊन संध्याकाळी तिकडे पायी निघत. धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखल तुडवत जायचं आणि सकाळी पुन्हा कॉलेज गाठायचं. नोकरी त्यांनी सोडली नाही, १९१४पर्यंत केली. पोटापाण्याचं काम आणि मनातलं काम ही दोन्ही त्यांनी वर्षानुवर्षं एकत्र ओढली. 'नोकरीतून वेळच मिळत नाही' असं म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी त्या वाटेचा एकदा विचार करावा.

पुढे जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली, आणि १९१६मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ सुरू केलं. १९३६मध्ये खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं, तेव्हा वय होतं अठ्ठ्याहत्तर!

यातलं काहीच त्यांनी सतराव्या वर्षी कागदावर मांडलेलं नव्हतं. हातातलं काम मनापासून केलं, तेव्हा त्यात काय कमी पडतंय ते त्यांना दिसलं. जे कमी पडत होतं, तेच त्यांचं पुढचं काम झालं. आयुष्याचं ध्येय बहुतेकांना असंच सापडतं, असं मला मनापासून वाटतं. आधी ध्येय गवसेल आणि मग कामाला लागू, असं म्हणणाऱ्याचं आयुष्य वाट पाहण्यातच सरतं.

म्हणून यंदा निकालानंतर मुलांना एवढंच विचारा : आत्ता कोणतं काम तुला स्वस्थ बसू देत नाही? आणि घरातल्या काकू काही नवं म्हणाल्या, तर त्यांना वय विचारू नका. कधीपासून सुरुवात करायची, ते विचारा.