पळणाऱ्या पोराची मुंबई



आमच्या सिरसाळ्यातील पाचवी-सहावीच्या पोरांना मुंबई तोंडपाठ आहे, असे सांगितले तर तुम्हाला खरे वाटणार नाही. त्यांतल्या निम्म्यांनी आपल्याच तालुक्याचे परळी स्टेशनसुद्धा नीट पाहिलेले नाही. परंतु मुंबईत तीन रूळ असतात, रुळांवर सोन्याची नाणी ओळीने मांडलेली असतात आणि एक शिपाई कुत्रा घेऊन मागे लागलेला असतो, हे ती पोरे डोळे मिटून सांगतात. ही मुंबई मोबाईलमधली. खेळाचे नाव ‘सबवे सर्फर्स’. या आठवड्याचा स्तंभ आम्ही त्या मुंबईला आणि तिथल्या नाण्यांना देत आहोत. अनेक घरांतून याबद्दल विचारणा झाली, विशेषतः आज्यांकडून.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेन्मार्क या छोट्या देशातील किलू आणि सायबो या दोन कंपन्यांनी तो मे २०१२ मध्ये बाजारात आणला. एक पोरगा रेल्वेच्या डब्यावर रंगाने चित्र काढत असतो, शिपाई त्याला पाहतो आणि पोरगा पळत सुटतो. बोट वर सरकवले की उडी, खाली सरकवले की कोलांटी, डावीकडे-उजवीकडे सरकवले की रूळ बदलतो. समोरून गाडी आली आणि धडकला की खेळ संपला. जानेवारी २०१३ पासून कंपनीने त्याला ‘जगयात्रा’ जोडली. पहिला मुक्काम न्यूयॉर्क. त्यानंतर रिओ, रोम, टोकियो अशी एकेक शहरे आली, त्यात आपली मुंबईही आली. मार्च २०१८ मध्ये गुगलच्या दुकानातून शंभर कोटी वेळा उतरवला गेलेला हा पहिलाच खेळ ठरला. मुंबईच्या मुक्कामी जो नवा पोरगा पळायला ठेवला, त्याचे नाव ‘जय’. आमच्या वस्तीतील मुलांनी ते नाव परस्पर पुरे करून टाकले आहे. “जयभीम पळतोय, जयभीम पळतोय” असा आरडाओरडा ऐकून आम्ही एकदा दचकलो होतो, तो हा जय!

आमचा पेशा कारकुनाचा. कोणतीही वस्तू समोर आली की तिची जमा-नावे मांडून पाहायची खोड जडली आहे. म्हणून एका रविवारी मुलांच्या शेजारी बसून या मुंबईत काय आहे आणि काय नाही, याची टाचणे काढली. शहर बदलले तरी रस्ता बदलत नाही, हे पहिल्या तासातच ध्यानात आले. तेच तीन रूळ, तेच अडथळे, त्याच गाड्या. भिंतींची रंगरंगोटी आणि आजूबाजूची इमारत तेवढी निराळी. पोळ्याला बैलाची झूल बदलावी, बैल तोच असावा, तसे. आणि नाही काय? तर माणूस नाही! गाडीत उतारू नाही, फलाटावर हमाल नाही, डबेवाला नाही. ज्याने सकाळी आठ वाजता दादरचा पूल ओलांडला आहे, त्याला ही मुंबई ओळखताच येणार नाही.

उड्या मारून नाणी वेचण्याचे खेळ काही आजचे नाहीत. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा मारिओ १९८५ मध्ये आला. १९९० च्या दशकात तालुक्याच्या गावी टीव्हीला जोडलेले व्हिडिओ गेम तासाच्या भाड्याने खेळायला मिळत, तेव्हा आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी हा मिशीवाला प्लंबर नाचवलेला आहे. त्यात शंभर नाणी झाली की एक जीव जास्तीचा मिळे. हिशेब सरळ होता. नाणी वेच, जीव घे, पुढे जा, आणि शेवटी खेळ संपे.

याच मारिओचा २०१७ साली आलेला ‘सुपर मारिओ ओडिसी’ हा खेळ आमच्या पुण्यातल्या भाच्याने आम्हाला दाखवला. त्याचे यंत्र महाग, आपल्या वस्तीत कुणाकडे असण्याचा प्रश्न नाही. परंतु त्यात ‘न्यू डॉन्क सिटी’ नावाचे एक शहर आहे, ते इथे सांगण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या धर्तीवर उंच इमारती, पिवळ्या टॅक्सी, आणि कोट-टोपीतली माणसे रस्त्याने आपापल्या कामाला चाललेली. या शहराची महापौर पॉलीन नावाची बाई आहे. वाचक भगिनींनी हे जरूर लक्षात घ्यावे, की १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’ या खेळात एका आडदांड माकडाने जिला उचलून नेले होते आणि जिला सोडवायला पुरुष धावला होता, तीच ही बाई. छत्तीस वर्षांनी ती शहराचा कारभार पाहते आहे, आणि तो पुरुष तिच्या सांगण्यावरून जलशासाठी चार वाजंत्री गोळा करत गल्लोगल्ली हिंडतो आहे! खेळ बनवणाऱ्यांनाही काळाप्रमाणे बदलावे लागते, ते असे.

या शहरात वेचायच्या वस्तू दोन प्रकारच्या आहेत. जांभळी नाणी शंभर. ती त्याच शहरातल्या दुकानात चालतात, दुसऱ्या राज्यात चालत नाहीत. आणि चंद्र एक्याऐंशी. हे चंद्र पळून मिळत नाहीत, पाहून मिळतात. एखादा गच्चीवर असतो, एखादा दोघीतिघींसारखे दोरीवर उड्या मारल्याने मिळतो. आम्हाला आवडलेला चंद्र मात्र निराळाच. बाकावर एक माणूस एकटाच उदास बसलेला असतो. मारिओ त्याच्या शेजारी जाऊन नुसता बसला की चंद्र मिळतो! भाच्याला तो सापडायला दोन दिवस लागले म्हणे, कारण तो त्या माणसाच्या बाजूने सारखा पळत जात होता.

आता पुन्हा आपल्या मुंबईकडे. तिथे नाणी अगणित आणि रस्ता न संपणारा. पोरगा कधीच कुठे पोहोचत नाही. तो धडकतो, एवढाच त्याचा शेवट. आणि तिथेच दुकानदारी सुरू होते. धडकल्यावर ‘किल्ली’ दिली तर तिथूनच पुढे पळता येते. पहिल्या धडकेला एक किल्ली, दुसऱ्या धडकेला दोन, तिसऱ्याला चार, चौथ्याला आठ. आम्ही मुलांना वहीत बेरीज करायला लावली. एकाच दौडीत दहा वेळा उठायचे तर एकूण किल्ल्या लागतात एक हजार तेवीस! सातवीतल्या एका मुलीने दुप्पट-दुप्पट करत हे उत्तर काढले आणि म्हणाली, “काका, हे तर सावकारासारखंच झालं.” किल्ल्या खेळताना थोड्याफार सापडतात, जाहिरात पाहिल्यावर एखादी मिळते, आणि खऱ्या पैशाने हव्या तितक्या विकत मिळतात. शिवाय त्या-त्या शहरातला खास पोरगा त्या मुक्कामापुरताच दुकानात असतो. आज घेतला नाही तर पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, ही टोचणी मुलांना बरोबर लागते. साड्यांच्या ‘सेल’चीच ही तऱ्हा आहे, गिऱ्हाईक तेवढे दहा वर्षांचे.

आमच्या भागात या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे, आणि आज्यांची विचारणा तिथून आली. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखान्याच्या आसऱ्याने कोपीत राहणे. ज्यांनी लेकरांच्या शाळेसाठी हट्ट धरला ते लेकरू आजीपाशी ठेवून जातात, आणि जाताना घरात एक मोबाईल ठेवून जातात. दिवसाकाठी दीड जीबी नेट. उद्देश एवढाच, की रात्री फड सुटल्यावर आईला लेकराचे तोंड दिसावे.

एका मावशींनी आमच्या दारात येऊन सांगितले, “भाऊ, पोराचं नेट सांजच्याला संपून जातंय. तिकडं लेक कोपीत फोन धरून बसती. आवाज येतो, पर तोंड दिसंना म्हणून रडती.”

आम्ही तो मोबाईल पाहिला. दोष एकट्या खेळाला देऊन चालणार नाही. नेट मुख्यतः निरनिराळे व्हिडिओ पाहण्यात जात होते, त्यात खेळाच्या अधेमधे येणाऱ्या जाहिरातींची भर. पण मावशींना आणि आमच्या सर्व वाचक माता-भगिनींना एक साधी युक्ती सांगतो. हा खेळ नेट बंद ठेवूनही चालतो. मोबाईलचा पडदा वरून खाली ओढला की नेटचे बटण दिसते. ते बंद करून मोबाईल लेकराच्या हाती द्यावा. खेळ चालू राहतो, जाहिराती येत नाहीत, आणि नेट रात्रीसाठी शिल्लक राहते. दुसरे, ज्या मोबाईलवर बँकेचे खाते जोडलेले आहे, त्यात गुगलच्या ‘प्ले स्टोअर’च्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करून घ्यावी, आणि तो पासवर्ड लेकराच्या वाढदिवसाचा ठेवू नये! उचलीच्या पैशावर आधीच मुकादमाचा हिशेब असतो. त्यात किल्ल्यांचा हिशेब नको. मावशींच्या नातवाने पहिले दोन दिवस तोंड फुगवले. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच आजीला सांगू लागला, की जाहिराती नसल्या की खेळ जास्त बरा लागतो.

मोबाईल हिसकावून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. बापाने चारपाच तास पत्ते कुटायचे आणि पोराला अर्ध्या तासाच्या खेळाबद्दल बदडायचे, हा न्याय आम्हाला मान्य नाही. मात्र रुळांच्या बाबतीत पोरांशी स्पष्ट बोलले पाहिजे. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, बीडला, प्रवासी गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. इथल्या पुष्कळ मुलांनी रेल्वे आधी मोबाईलवर पाहिली आणि मग डोळ्यांनी. खेळातली गाडी धडकली की पोरगा डोके खाजवत उठतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत रूळ ओलांडणाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. न्यूयॉर्कमध्ये गाडीच्या टपावर चढून जाण्याच्या हौसेपायी २०२४ साली सहा जण गेले, त्यांत कोवळी पोरेच जास्त. आपल्याकडे १९८९ च्या रेल्वे कायद्यात रुळांवर विनाकारण जाण्याला कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि टपावरून प्रवासाला कलम १५६ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद लिहिलेली आहे. आम्ही मुलांना कलमे वाचून दाखवली तेव्हा एकाने विचारले, “मग त्या शिपायाचं बरोबरच आहे की?” पोरगा पळतो म्हणून आपण त्याच्या बाजूने, शिपायाच्या बाजूने कुणी विचारच केलेला नव्हता. त्यावर चांगला तासभर वाद झाला.

त्या वादातूनच रविवारी विहारात जमणाऱ्या मुलांसाठी आम्ही कागदावर एक मुंबई आखली. मोठ्या पुठ्ठ्यावर दहा घरे. प्रत्येक घरात एक ‘नाणे’, आणि नाणे मिळवायचे तर पळायचे नाही, विचारून यायचे. पहिले घर: १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी कुठून कुठे गेली? (बोरीबंदर ते ठाणे.) दुसरे: १८८८ मध्ये पुरे झालेल्या त्या भव्य स्टेशनची आजवर नावे किती बदलली? तिसरे: परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत जवळजवळ बावीस वर्षे कोण राहिले? इथे गंमत झाली. परळ आणि परळी यांत अर्ध्या मुलांचा घोटाळा झाला, आणि बाबासाहेब आपल्या परळीत राहत होते या आनंदात एकाने टाळ्या वाजवल्या! चौथे: १९४६ साली सुरू झालेले सिद्धार्थ महाविद्यालय. पाचवे: जानेवारी १९८२ मध्ये कापड गिरण्यांचा संप झाला, तेव्हा आपल्या नात्यागोत्यातले कोण गिरणीत होते?

हे पाचवे नाणे सर्वांत कठीण ठरले आणि सर्वांत बोलके. कारण त्याचे उत्तर मोबाईलमध्ये नव्हते. एका मुलाने आजोबांना विचारले, तर त्यांचा चुलतभाऊ लालबागला गिरणीत होता, संपानंतर गावी परतला आणि दुसऱ्याच्या रानात सालाने राहिला, हे घरात पहिल्यांदा बोलले गेले. आजोबा त्या संध्याकाळी दोन तास बोलत होते, असे त्याच्या आईने सांगितले.

त्या सातवीतल्या मुलीची नऊ घरे भरली आहेत. दहावे घर आहे, ‘दादर स्टेशनच्या मोठ्या पुलाला पायऱ्या किती?’ याचे उत्तर आम्हालाही ठाऊक नाही, मुद्दामच तसे घातले आहे. ती ६ डिसेंबरला आजीबरोबर चैत्यभूमीला जाणार आहे. इतक्या गर्दीत पायऱ्या मोजायच्या कशा, यावर सध्या आजी-नातीत खल चालू आहे. नातीचे म्हणणे, एका पायरीला एक दाणा पिशवीत टाकायचा. आजीचे म्हणणे, पहाटे लवकर उतरायचे.

आपल्या गावच्या मुलांसाठी हा कागद कुणाला हवा असल्यास साप्ताहिकाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकावे. नक्कल करून पाठवू. मात्र पाचवे घर आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावे.