अर्ज करा, पण वस्तीच्या ठरावाने

महापालिकेच्या प्रभाग समितीवर संस्था-प्रतिनिधी म्हणून जाण्यासाठी अर्ज करावा काय, असे काही कार्यकर्ते विचारतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत या समित्या आणल्या. महाराष्ट्राच्या कायद्याने तेथे स्वयंसेवी संस्थांच्या जास्तीत जास्त ३ प्रतिनिधींना जागा दिली. मात्र त्यांना नेमतात नगरसेवकच! मालकाच्या मर्जीने नेमलेला पहारेकरी मालकाविरुद्ध हाकाटी करील कशी?

तरीही सत्तेच्या मांडवात पाऊलच नको, हा सोवळेपणा मला मान्य नाही. पाणी, गटार, शौचालय यांच्या खर्चाची चर्चा जेथे होते तेथे आपण नसलो, तरी ठेकेदाराची माणसे असतातच. परंतु सल्ला आणि अधिकार यांतला भेद विसरू नये. २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. त्यांचा कौल घ्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश होता, म्हणूनच त्या नकाराला वजन आले.

तेव्हा अर्ज जरूर करा. पण आधी वस्तीची सभा घेऊन तिचा ठराव सोबत न्या आणि प्रत्येक बैठकीचा वृत्तान्त तिच्यापुढे ठेवा. ज्या दिवशी अंदाजपत्रकाचे आकडे नाकारले जातील, त्या दिवशी राजीनामा द्या आणि तो चौकात वाचून दाखवा.